काशीयात्रा आणि कनवटीचा पैसा

आई-वडील काशीला निघाले आहेत. गाडीचे आरक्षण झाले, उतरायची जागा ठरली, औषधांची पिशवी भरली, दोन स्वेटर न्यावेत की एक यावर दोनदा वाद झाला. पैशांचा विषय मात्र निघायच्या आदल्या रात्री येतो. मुलगा म्हणतो, "बाबा, हल्ली सगळीकडे फोनवरून पैसे देता येतात, रोख कशाला बाळगता?" वडील म्हणतात, "असू दे रे जवळ थोडे," आणि पाचशेच्या नोटांचे एक पुडके त्यांच्या आतल्या खिशात जाते. आईजवळ काय असते? बहुतेक घरांत काहीच नसते. "मला कशाला हवेत? हे आहेत ना बरोबर," असे तीच म्हणते.

या वेळी आपण तिच्या या वाक्याबद्दल आणि त्या पुडक्याबद्दल बोलणार आहोत. कारण पैशांच्या बाबतीत काशी हे महाबळेश्वर-माथेरानसारखे गाव नाही. सहलीच्या गावी खर्च स्वतःच्या हौसेचा असतो. नको वाटले तर घोड्यावर बसायचे नाही, झाले. काशीत खर्चाच्या प्रत्येक वळणावर कोणीतरी उभे असते. कधी देव, कधी दिवंगत वडील, कधी हातात पळी-पंचपात्र घेतलेले गुरुजी. तिथे 'नको' म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून तिथले पैशाचे निर्णय तिथे जाऊन घ्यायचे नसतात, घरी घ्यायचे असतात. आणि पैसा एका खिशात ठेवायचा नसतो.

आपल्या जुन्या माणसांना हे चांगले कळत होते. रेल्वे नव्हती तेव्हा महाराष्ट्रातून काशीला जायचे म्हणजे महिन्यांचा प्रवास, मध्ये नद्या, जंगले आणि वाटमारे. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेला निघाल्या त्या मोठ्या लवाजम्यानिशी. सामान्य यात्रेकरूला असा बंदोबस्त कुठून मिळणार? तो चार रुपये कमरेच्या कशात बांधी, थोडे कनवटीला लावी, आणि मोठी रक्कम असली तर सावकाराच्या पेढीवर भरून हुंडी घेई. काशीतल्या पेढीवर ती हुंडी दाखवायची आणि तिथले रुपये घ्यायचे. दाखवताच पैसे मिळणारी ती दर्शनी हुंडी, मुदतीनंतर मिळणारी ती मुद्दती. शाहजोग हुंडी तर पत असलेल्या माणसामार्फतच वटे, म्हणजे चोराच्या हाती लागली तरी त्याला तिचा उपयोग नसे. हुंडी हरवलीच तर 'पैठ' म्हणजे दुसरी प्रत मिळे, तीही हरवली तर 'परपैठ'. या सगळ्याची जी फी लागे ती हुंडणावळ. आज आपण यंत्रातून पैसे काढल्यावर कापल्या जाणाऱ्या वीस-बावीस रुपयांवर चिडतो, पण हुंडणावळीचे ते नातवंडच म्हणायचे.

शिवाय नाणी जागोजागची वेगळी. पुण्याकडचा रुपया काशीत तसाच चालत नसे, सराफ तो पारखून बट्टा कापून घेई. 'नावाला बट्टा लागला' असे आपण सहज म्हणतो, तो बट्टा हाच. साऱ्या कंपनी मुलखासाठी एकसारखा रुपया आला तो १८३५ मध्ये.

आणि इतके करूनही पैसा टिकेलच असे नव्हते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत गेले ते चार पैसे मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून. बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीत आणि वाटेत लुटले गेले, आणि शेवटी घरी परतले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन. त्यांचा 'माझा प्रवास' ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल, सगळ्या हकिकतीत पैसा मिळणे आणि जाणे हे किती वेळा येते ते.

आता वाटमारे गेले, पण एक नवीनच अडचण आली आहे आणि ती निघण्यापूर्वी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. काशी विश्वनाथाच्या मंदिरात मोबाइल फोन नेता येत नाही. स्मार्ट घड्याळ, कॅमेरा, पिशव्या, इतर विजेची उपकरणे, हे सगळे बाहेर ठेवावे लागते. १३ डिसेंबर २०२१ रोजी नव्या विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाले, परिसर प्रशस्त झाला, घाटावरून थेट मंदिरात जाण्याची वाट झाली. पण तपासणी कडकच आहे. आता विचार करा. ज्या माणसाचा सगळा पैसा फोनमध्ये आहे त्याने फोन कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली, की त्या क्षणापासून तो निष्कांचन. आत पेटीत टाकायला दहा रुपये नाहीत. बाहेर पडताना गर्दीच्या रेट्याने दुसऱ्याच दाराने बाहेर आला तर रिक्षाला द्यायला पैसे नाहीत आणि ज्याला फोन करायचा त्याचा क्रमांकही पाठ नाही.

आणि आई? ती बायकांच्या बाजूने पुढे गेली, वडील मागे राहिले. गल्लीत माणसांची रीघ लागली आहे, भाषा हिंदी, पायांत चप्पल नाही, जवळ फोन नाही, पैसा नाही, उतरण्याच्या जागेचे नाव नीटसे लक्षात नाही. अशा वेळी वाटणारी भीती बायका घरी येऊन हसत सांगतात, पण त्या वेळी हसू येत नसते. मला विचाराल तर काशीयात्रेच्या पैशाच्या नियोजनात पहिली गोष्ट हीच: बरोबरच्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या अंगावर, वेगळे, त्याचे स्वतःचे पैसे हवेत. ते किती? उतरण्याच्या जागेपर्यंत रिक्षाने परत येता येईल, एखादे वेळचे जेवण होईल, औषधाची गोळी घेता येईल आणि एक-दोन फोन करता येतील इतके. पाचशे ते हजार रुपये, तेही सुटे. त्याच नोटांबरोबर एक कागद: उतरण्याच्या जागेचे नाव, गल्ली, जवळचा घाट, तिथला दूरध्वनी, आणि घरच्या दोघांचे क्रमांक, देवनागरीत, ठळक अक्षरांत. आपल्याला एक सोय आहे, हिंदी आणि मराठीची लिपी एकच. हा कागद कोणालाही वाचता येतो.

हे पैसे ठेवायचे कुठे, याला आपल्या आज्यांनी उत्तर देऊन ठेवले आहे. परकराच्या नेफ्याजवळ आतून शिवलेला चोरखिसा. घरी शिवायला पंधरा मिनिटे लागतात. पंजाबी ड्रेस वापरणाऱ्या बायकांसाठी सलवारीला तसाच खिसा करता येतो. पुरुषांसाठी बंडीचा आतला खिसा चांगला. पँटचा मागचा खिसा मात्र काशीच्या गल्लीत खिसाच नव्हे. गळ्यातल्या छोट्या पाकिटाची फॅशन आहे, पण ते कपड्यांच्या आत जायला हवे, बाहेर लोंबकळणारे पाकीट म्हणजे आमंत्रण. आणि या पैशांबद्दल एक अट: त्यांतून प्रसाद, बांगड्या, रुद्राक्ष काहीही घ्यायचे नाही. ते अडीअडचणीचे पैसे आहेत. हौसेचे पैसे वेगळे, तेही आईच्या हातात वेगळे द्यावेत. जन्मभर दुसऱ्याच्या खिशाकडे बघत खरेदी केलेल्या बाईला विश्वनाथ गल्लीत स्वतःच्या पाकिटातून चार नाती-सुनांसाठी बांगड्या घेऊ द्या. त्याचा हिशेब कोणी मागू नये.

फोनचे म्हणाल तर दर्शनाला जाताना तो उतरण्याच्या जागी कुलपात ठेवून जाणे सर्वांत सोपे. गल्लीतले दुकानदार "लॉकर फुकट" म्हणून बोलावतात. ते फुकट असते, पण पूजेचे ताट त्यांच्याकडूनच घ्यावे लागते, आणि ताटाची किंमत परत आल्यावर कळते. ताट घ्यायचेच असेल तर आधी किंमत विचारून घ्या. मंदिराचीही सामान ठेवण्याची व्यवस्था आहे. फोन नसणार म्हणून भेटण्याची जागा आणि वेळ आत शिरण्यापूर्वी ठरवावी, पूर्वी आपण जत्रेत ठरवत असू तशी. "अमक्या घाटाच्या सर्वांत वरच्या पायरीवर, साडेनऊला" असे नेमके सांगावे.

लवकर दर्शन घडवतो म्हणणारी माणसे गल्लीच्या तोंडाशीच भेटतात. त्यांना पैसे देऊ नयेत. ज्यांना रांगेत फार वेळ उभे राहवत नाही अशांसाठी मंदिर न्यासाचीच 'सुगम दर्शन' नावाची सोय आहे. तिचे शुल्क ठरलेले असते, पावती मिळते, आणि न्यासाच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा मंदिराजवळच्या मदत केंद्रातून ती घेता येते. संकेतस्थळाचे नाव मात्र नीट पाहावे. देवस्थानांच्या आणि धर्मशाळांच्या नावाने खोटी पाने तयार करून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार इतके वाढले की २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे विभागाने यात्रेकरूंना जाहीर सावधगिरीची सूचना दिली. खोली राखायची तर आधी दूरध्वनीवर बोलून, ओळखीतल्या कोणी तिथे राहून आले आहे का हे विचारून, आणि पूर्ण रक्कम न पाठवता थोडी इसार म्हणून पाठवून राखावी.

गंगास्नानाचा प्रश्न वेगळाच. अंगावरचे पैसे, फोन, चष्मा, दागिने, सगळे काढून ठेवावे लागते आणि नेमके त्याच वेळी सगळ्यांनाच एकत्र डुबकी मारायची हौस असते. मोठ्या छत्रीखाली बसलेले घाटिये कपडे सांभाळतात, गंध लावतात, त्यांना त्याबद्दल दहा-वीस रुपये द्यावेत, ती रीतच आहे. पण पाकीट त्यांच्या भरवशावर ठेवून त्यांनाही धर्मसंकटात टाकू नये. घरातले एक मोठे माणूस कोरडे राहील आणि दुसऱ्या खेपेला स्नान करील, एवढे ठरवले की झाले. दोघेच असाल तर मोठी रक्कम आणि फोन खोलीवर, आणि घाटावर फक्त घाटियाचे, फुलांचे नि चहाचे पैसे.

आता मुख्य विषय, दक्षिणा. पुष्कळ मराठी कुटुंबे काशीला जातात ती नुसती पाहायला नव्हे. प्रयाग, काशी, गया अशी त्रिस्थळी करतात. प्रयागला वेणीदान, काशीत श्राद्ध, गयेला पिंडदान. पंचगंगा घाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि काही घराण्यांचे तीर्थोपाध्याय ठरलेले असतात. त्यांच्या वहीत पणजोबांच्या हस्ताक्षरातली नोंद निघाली की डोळ्यांत पाणी येते. येऊ द्यावे. पैशाचे बोलणे त्याच्या आधी झालेले असावे, एवढेच.

ते कसे करावे? विधीच्या आदल्या दिवशी, शांतपणे, घरातल्या एकाच माणसाने. विचारायचे ते असे: विधी कोणता, किती वेळ, साहित्य कोण आणणार, त्यात काय काय आले, ब्राह्मणभोजन धरले आहे का, असेल तर किती पानांचे, दाने कोणती, आणि सगळे मिळून किती. 'तुमच्या इच्छेने द्या' असे उत्तर आले तर ते आदबीने पण ठामपणे परत करावे: "गुरुजी, आमची इच्छा अमुक रकमेची आहे. एवढ्यात जे नीट होईल ते करू या." हे बोलताना संकोच वाटतो. पण हाच संकोच उद्या फार महाग पडतो, कारण उद्या हातात पाणी असते.

हातात पाणी असते म्हणजे काय, ते जे गेले आहेत त्यांना ठाऊक आहे. संकल्प चालू आहे. उजव्या हाताच्या ओंजळीत पाणी, दर्भ, तीळ. गुरुजी म्हणतात तसे आपण म्हणतो आहोत, आपले गोत्र, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव. गळा दाटला आहे. आणि त्याच लयीत शब्द येतात, इतक्या ब्राह्मणांचे भोजन, इतक्या हजारांचे गोदान, म्हणा. आपण म्हणून टाकतो. पाणी सुटते. मग मनात येते, आता बोललो ते मोडायचे कसे, तेही वडिलांच्या नावाने? सगळेच गुरुजी असे करतात असे मुळीच नाही. अगदी थोडक्यात समाधान मानणारे, शुद्ध आणि सावकाश मंत्र म्हणणारे पुरोहित काशीत पुष्कळ आहेत. पण ज्याला हा अनुभव येतो त्याच्या साऱ्या यात्रेवर त्याची सावली पडते. तेव्हा रक्कम आधी ठरवा, आणि विधीला बसण्यापूर्वी एवढे सांगा की, "संकल्पात ठरल्याखेरीज दुसरी रक्कम घालू नका." तरीही न ठरलेले शब्द आलेच तर थांबावे. पाणी ओंजळीत तसेच ठेवून "हे राहू द्या" म्हणावे. देवाला घाई नसते.

ठरलेली रक्कम पाकिटात वेगळी घालून, वर विधीचे नाव लिहून न्यावी. श्राद्धाचे पाकीट, वेणीदानाचे पाकीट, देवळांतल्या पेट्यांचे पाकीट. श्राद्धाच्या पाकिटात ठरलेल्यापेक्षा थोडे जास्त ठेवा. काम मनासारखे झाले तर ते वरचे पैसे आनंदाने द्यावेत. घासाघीस करून गुरुजींचे पाचशे कापायचे आणि त्याच संध्याकाळी नको असलेली वस्तू पाच हजारांना घ्यायची, हे काही मला पटत नाही. ज्यांचा चरितार्थ त्यावर आहे त्यांना रास्त ते मिळालेच पाहिजे. देवळांत मोठी देणगी द्यायची असेल तर ती थाळीत न टाकता देणगीच्या खिडकीवर द्यावी आणि पावती घ्यावी.

मणिकर्णिका घाटावर एक वेगळा प्रकार फार वर्षांपासून चालतो. कोणीतरी जवळ येऊन चितांची माहिती सांगू लागतो, मग एखाद्या इमारतीकडे बोट दाखवतो, तिथे मरणाची वाट पाहणारी अनाथ म्हातारी माणसे आहेत, त्यांच्या लाकडांसाठी दान द्या, एवढ्या किलोला एवढे रुपये. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जळती चिता असते, मग हात खिशाकडे जाणारच. तो पैसा लाकडांना जातो याची काही खात्री नसते. हात जोडून पुढे चालू लागावे. आणि तिथे फोटो काढू नयेत. तो प्रश्न पैशाच्या आधी सभ्यतेचा आहे, पण फोटो काढणाऱ्याला धरून 'दंड' वसूल करणारेही तिथे असतात.

नावेचे थोडक्यात. भाडे माणशी की पूर्ण नावेचे, कोणत्या घाटापासून कोणत्या घाटापर्यंत, येऊन-जाऊन की फक्त जाऊन, किती वेळ, हे चढण्यापूर्वी बोलून घ्यावे आणि पैसे उतरल्यावर द्यावेत. देवदिवाळीला दर कुठल्या कुठे जातात. दशाश्वमेधावरची संध्याकाळची आरती पायऱ्यांवर बसून पाहायला पैसे पडत नाहीत, तास-दीड तास आधी जागा धरावी लागते इतकेच.

खाण्यापिण्यात काशी माणसाला लुबाडत नाही. कचोरी-भाजी, कुल्हडातली लस्सी, थंडीच्या दिवसांतच मिळणारे मलइयो, यांवर चार माणसांनी मनसोक्त खाल्ले तरी हिशेब ठेवावासा वाटत नाही. इथे बहुतेक दुकानांत फोनने पैसे देता येतात. पण फुलवाली, घाटिया, सायकल रिक्षावाला, देवळाच्या पायरीवरचे हात, यांच्यासाठी दहा-वीसच्या नोटा लागतात, आणि पाचशेची नोट घेऊन सुटे मागत फिरण्यासारखी दुसरी फजिती नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन दहाच्या शंभर आणि वीसच्या पन्नास नोटा मागून घ्याव्यात. दोन हजार रुपयांत चौघांची आठ दिवसांची चिंता मिटते.

फोनवरच्या पैशांबद्दल तीन-चार गोष्टी घरातल्या तरुणांनी आई-वडिलांसाठी करून द्याव्यात. ज्या खात्यात आयुष्यभराची शिल्लक आहे ते खाते फोनला जोडून काशीला पाठवू नका. प्रवासासाठी दुसरे खाते ठेवा, त्यात लागतील तेवढेच पैसे टाका, संपले तर घरून आणखी भरता येतात. ही आजची दर्शनी हुंडी. छोट्या खर्चासाठी 'यूपीआय लाइट' आहे, त्यात पिन न घालता एका वेळी एक हजारापर्यंत पैसे देता येतात आणि एकूण पाच हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते. म्हाताऱ्या माणसांना पिन आठवण्याचा त्रास वाचतो, पण फोन हरवला तर ती रक्कम धोक्यात, म्हणून त्यात हजारभर पुरे. नवा फोन प्रवासाच्या आदल्या दिवशी घेऊ नये. नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिले चोवीस तास रकमेवर मर्यादा असते. कार्डही बरोबर असू द्यावे, पण फोनच्या पाकिटात खोचून नव्हे. दोन्ही एकदमच जातात. नुसते टेकवून पाच हजारांपर्यंत पैसे जाण्याची जी सोय कार्डात असते ती बँकेच्या ॲपमधून बंद करता येते.

आणि आई-वडिलांना एक वाक्य पाठ करायला लावा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. "तुमचे जास्त पैसे आले, परत पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा" असे कोणी म्हणाले की पुढचे काही ऐकायचे नाही. चुकून पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये, ताबडतोब बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकाला कळवावे. जितका उशीर तितका पैसा हातोहात पुढे जातो.

यंत्रातून रोख काढायची झाली तर गोदौलियाच्या गर्दीतल्या खोपटात संध्याकाळी उभे राहण्यापेक्षा बँकेच्या शाखेला लागून असलेल्या यंत्रावर दिवसा जावे. वाराणसी रिझर्व्ह बँकेच्या सहा महानगरांच्या यादीत नाही, म्हणून बचत खात्याला दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला पाच व्यवहार मोफत मिळतात, मुंबईसारखे तीन नव्हेत. त्यापुढे मे २०२५ पासून व्यवहारामागे २३ रुपयांपर्यंत आकार आणि कर.

राहिला शालू. घरात लग्न असेल तर काशीला गेलेली मराठी बाई बनारसी शालू पाहिल्याशिवाय परतणार नाही, आणि यात्रेतला सर्वांत मोठा एकरकमी खर्च बहुधा हाच. नावाडी, रिक्षावाला किंवा वाटाड्या ज्या दुकानात नेतो तिथे त्याचे कमिशन तुमच्या किमतीत धरलेले असते. चौकाजवळच्या कुंजगल्लीत आपल्या पायांनी जावे. दोन-तीन दुकाने पाहावीत, पहिल्या दिवशी घेऊ नये. साडी उलटी करून बघा. कढुआ कामात प्रत्येक बुट्टी वेगळी विणलेली असते, मागे लोंबते धागे नसतात. फेकुआत धागे मागून सलग जातात आणि नंतर कातरतात. यंत्रमागाची साडी वाईट असते असे नाही, पण ती हातमागाच्या भावात घेऊ नये. 'सिल्क मार्क'ची चिठ्ठी रेशमाची खात्री देते, हातमागाची नव्हे, हेही ध्यानात असू द्या. बनारसी साडीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. बिलावर 'रेशीम, हातमाग' असे लिहून घ्यावे, आणि हे पैसे रोख न देता कार्डाने किंवा फोनने द्यावेत, म्हणजे मागे कागद राहतो.

काही जण काशीहून गंगा घेऊन पुढे रामेश्वरला जातात. ते तर बेटच. तिथल्या देवळात बावीस तीर्थांवर बादल्यांनी स्नान होते, माणूस नखशिखांत भिजतो, आणि फोन तिथेही आत नेता येत नाही. काशीत कोरडे माणूस ठेवण्याचा जो नियम केला तो तिथे दुप्पट पाळावा, आणि अंगावरच्या नोटा छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालाव्यात.

परतीसाठी एक पाकीट पहिल्या दिवशीच चिकटवून बॅगेच्या तळाशी टाका: गाडीतले जेवण, हमाल, स्टेशनवरून घरापर्यंतची टॅक्सी. ते गाडीत बसल्यावरच फोडायचे. आणि घरी आल्यावरचा खर्च विसरू नका, तो तर यात्रेच्या अंदाजपत्रकात धरायचे सर्वच जण विसरतात. गंगेचे छोटे तांब्याचे गडू ठठेरी बाजारात मिळतात, तोंड झाळून बंद केलेले. किती आप्तांना द्यायचे ती यादी घरूनच करून न्यावी, नाहीतर दुकानात उभे राहून आठवाआठव होते आणि दहाचे पंचवीस होतात. मग मावंदे. गंगापूजन, जवळची माणसे, पुरणपोळीचे जेवण. पंचवीस पाने असोत की शंभर, तो आकडा आरक्षण करतानाच मांडून ती रक्कम घरच्या कपाटात बाजूला काढून ठेवावी, आणि कपाटाची किल्ली काशीला नेऊ नये.